सभागृहात जहाज आणण्यास हरकत नाही

पहिलं एक सांगून ठेवतो, जहाज मी मागितलंच नव्हतं. मी फक्त हॉल मागितला होता. पंखे असलेला, खुर्च्या असलेला, एका संध्याकाळपुरता. आता मोहल्ल्यातली शेंबडी पोरं सुद्धा मला 'कॅप्टन' म्हणून हाक मारतात, आणि मघाशी तुम्ही पण मारलीत, म्हणून एकदाच सगळं नीट ऐका. मधे बोलू नका, नायतर माझी लिंक तुटते. राजश्री, तू हसू पण नकोस, तुझं हसणं सुरू झालं की थांबत नाय.

तर बस्त्याव लोबो. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. ऐकलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

मला तो दीड वर्षापूर्वी सापडला, कॉलेजच्या लॅबमध्ये. बारावीची प्रॅक्टिकल चालू, ब्युरेटमधून थेंब पडतायत, आणि असिस्टंट म्हणून मी लक्ष ठेवायचं तर माझ्या एका कानात इअरफोन. मोबाईलवर एक जुना व्हिडिओ आपोआप लागला. एक किडकिडीत म्हातारा, मांडीवर गिटार. आणि आवाज पियानोचा. म्हंजे गिटारचाच, पण चाल पियानोची. समजत नाय ना? थांबा. साधा गिटारवाला काय करतो, एक तर सगळ्या तारा झणकारतो, नायतर एकेरी सूर काढत बसतो. हा दोन्ही एकदम करतो. पियानोवाल्याचा उजवा हात बोलत असतो आणि डावा त्याला मधे मधे टोकत असतो, तसं. नळावर दोन बायका एकाच वेळी बोलतात, दोघी थांबत नायत, तरी एकीचा शब्द न शब्द दुसरीला पोचलेला असतो. ते सहा तारांवर.

याचा बाप मुंबईत हॉटेलात पियानो वाजवायचा. बीबॉप. बीबॉप म्हंजे जॅझमधला पळणारा प्रकार. ओळखीच्या गाण्याच्या घरी जायचं, पण पुढच्या दाराने जायचं नाय. मागच्या पडवीतून घुसायचं, विहिरीला फेरी मारायची, माडावर चढायचं, शेजाऱ्याच्या गडग्यावरून उडी टाकायची. लोकांना वाटतं, गेला हा, चुकला वाट. आणि हा बरोब्बर पानं वाढायच्या वेळेला पाटावर बसलेला. घाम पण नाय.

त्या दिवशी तीस पोरांची रीडिंगं चुकली. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, पण मला काही वाटलं नाय. माणसाच्या आयुष्यात असे दिवस कमी येतात.

मग मी त्याला मेल टाकला. तीन पानी. त्यात 'तुमच्या डाव्या करंगळीला माझा सलाम' असं पण एक वाक्य होतं, ते आठवलं की अजून कान गरम होतात. आठ दिवसांनी उत्तर आलं. मूळचा वेंगुर्ल्याकडचा माणूस, वय त्र्याहत्तर. लिहिलेलं असं, की मी मडगावहून मुंबईला जातोय, रत्नागिरीत उतरू शकतो. पैसे नकोत, जेवायला मासे द्या. पण गेल्या वेळी वाजवलं तेव्हा समोर सहा माणसं होती, त्यातली दोन माईकवाली आणि एक चहाचे कप गोळा करणारा. आता पुरे असं ठरवत आलोय. तू बोलावतोस म्हणून शेवटचं एकदा येतो. ऐकणारे किती असतील?

शेवटचं एकदा. मी लगेच लिहिलं, शंभर. दोनशे लिहिणार होतो, पण खोटं बोलायला मला आवडत नाय.

मेल गेल्यावर मी मोजायला बसलो. रत्नागिरीत जॅझ ऐकणारा मी एक. अभय अर्धा, कारण तो माझ्या बाईकवर मागे बसतो आणि इअरफोनचा एक बोंडा त्याच्या कानात असतो. दीड माणूस. साडेअठ्ठ्याण्णव कमी.

अभय म्हणाला, "आधी हॉल बघ. माणसं हॉल बघून येतात." अभयचं असंच असतं, ऐकायला ते शहाण्यासारखं वाटतं. तो मला त्याच्या आजोबांकडे घेऊन गेला. भिवा मास्तर. चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता पडवीत बसून लोकांचे अर्ज लिहून देतात, हौस म्हणून. त्यांच्या अक्षराला बघून शिपाई पण खुर्ची देतात म्हणे. मास्तरांना थोडं कमी ऐकू येतं, पण तसं सांगितलेलं त्यांना चालत नाय.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आमच्याकडे जहाजाला कोणी जहाज म्हणत नाय. घरटी एक माणूस बोटीवर, त्यामुळे रोजच्या बोलण्यात घासून घासून त्या शब्दाचा 'जाज' झालाय. 'अब्बा जाजावर हायत', 'जाज दुबईला लागलाय', असं. तर मी सांगितलं जॅझ. मास्तरांनी ऐकलं जाज. आणि सरकारी कागदावर गावठी शब्द नको म्हणून शुद्ध करून लिहिलं, 'जहाज कार्यक्रमासाठी सभागृह मिळणेबाबत'.

खाली माझं नाव. उमेर होडेकर. अल्लाने आडनाव पण असं दिलं.

मी न वाचता सही केली. एवढं सुंदर अक्षर असलं की माणूस वाचत नाय, नुसता बघतो.

श्रमसाफल्य सभागृहाच्या बुकिंगला विमला मॅडम बसतात. त्यांनी शिक्का मारला, वहीत चढवलं, आणि मग चष्मा वर करून विचारलं, "छोटं की मोठं?"

मला वाटलं हॉलचं विचारतायत. म्हटलं, "मोठंच."

"मग बंदराच्या ऑफिसचा ना-हरकत दाखला लागेल."

"गिटारला?"

"गिटार कुठून आली मधेच? इथे जहाज लिहिलंय."

मी अर्ज तेव्हा पहिल्यांदा वाचला. "मॅडम, जहाज नाय हो. जॅझ. जॅझ."

"तेच म्हणत्ये मी. जाज. तुम्ही बोलता जाज, आम्ही लिहितो जहाज. एवढं कळतं आम्हाला, मी पण मिऱ्या बंदराचीच आहे."

"संगीत आहे ते."

"असू दे की. जहाजावर संगीत नसतं असं कुठे म्हटलं मी?"

मी म्हटलं, द्या, दुरुस्त करून आणतो. तर म्हणाल्या, इनवर्ड झालाय. इनवर्ड झालेला कागद परत मागणं म्हंजे दफन केलेल्या माणसाला चहाला बोलावणं. मग मी मास्तरांकडे गेलो, नवीन अर्ज लिहून द्या म्हणून. मास्तरांचा चेहरा पडला. "चाळीस वर्षांत माझा एक अर्ज अशुद्ध म्हणून परत आलेला नाही."

"शुद्धच आहे हो, आजोबा. शब्दच वेगळा आहे. जॅझ."

"कोशात दाखव."

मी मोबाईलवर दाखवायला गेलो. "मोबाईल म्हणजे कोश नव्हे," म्हणाले आणि आत जाऊन झोपले. सकाळचे साडेअकरा वाजले होते. अभय म्हणाला, आता चार दिवस ते माझ्याशी पण बोलणार नायत.

राहिलं बंदराचं ऑफिस. तिथे एक गृहस्थ बडीशेप चघळत होते. अर्ज वाचला, उलटा करून मागे काही आहे का तेही बघितलं.

"जहाजाची लांबी?"

"साहेब, जहाज नाय."

"नाय तर आमचा काय संबंध?"

"तेच लिहून द्या, की तुमचा संबंध नाय."

"संबंध नाय असं लिहून द्यायला आधी संबंध असल्याचा अर्ज करावा लागतो."

यावर मी विचार करत उभा राहिलो. अजून करतोय. शेवटी त्यांना माझी दया आली, की जेवायची वेळ झाली, माहीत नाय, पण त्यांनी एक कागद टाईप करून माझ्या हातात दिला. 'सदर सभागृहात जहाज आणण्यास या कार्यालयाची हरकत नाही.' खाली गोल शिक्का. त्यात नांगर.

विमला मॅडमनी तो कागद टाचणीने लावला आणि म्हणाल्या, "बघा, सरळ मार्गाने गेलं की होतं."

मी म्हटलं, मरू दे. कागदावर जहाज असो नायतर विमान, हॉल मिळाला ना. आता माणसं जमवू. पण हॉलच्या बाहेर फळा असतो हे मी विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर खडूने लिहिलेलं: 'रविवार, सायं. ५.३०. जहाज कार्यक्रम. आयोजक: उमेर होडेकर.'

तो फळा पहिल्यांदा बघितला मुसाचाचांनी. चाचा म्हंजे बोटीवरचे सारंग होते, खलाशांचे मुकादम, चौतीस वर्षं समुद्रावर. गेली तीन वर्षं ते मला रोज एकच सांगतात, बाटल्यांतलं पाणी मोजण्यापेक्षा जाजावर जा. त्यांनी फळा वाचला, फळ्याचा फोटो काढला, आणि मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपला उमेर शिपिंग कंपनी आणतोय. माशाल्ला.' दुपारपर्यंत त्याला कोणीतरी शेपूट लावलं, 'मूळ कागदपत्रं व दोन फोटो आणणे.' संध्याकाळी तो मेसेज पार नाटे गावातून फिरून परत मलाच आला. त्यात 'वयाची अट नाही' पण वाढलं होतं.

मी घरी गेलो तर अम्मी मोहल्ल्यात गोडाची सांदणं वाटून परत आलेली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. चार वर्षांत पहिल्यांदा. "अल्लाने डोकं ठिकाणावर आणलान एकदाचं," म्हणाली. कुवेतहून अब्बांचा फोन. अब्बा कधी रडत नायत, पण त्या दिवशी सर्दी झाल्यासारखे बोलत होते.

मी खरं सांगितलं. शप्पथ. सगळ्यांना सांगितलं. चाचांकडे जाऊन बसलो आणि म्हटलं, "चाचा, कंपनी-बिंपनी काय नाय. एक म्हातारा गिटार वाजवणार आहे."

चाचांनी आजूबाजूला बघितलं, आवाज खाली केला. "सांगायची मनाई हाय ना तुला? समजलो."

"मनाई नाय हो. खरंच गिटार."

"बरोबर. गिटार. कोण विचारलंन तर मी पण गिटारच सांगीन."

मी जेवढं नाय म्हणायचो तेवढी कंपनी मोठी व्हायची. शुक्रवारपर्यंत ती नॉर्वेची झाली होती. मग मी स्वतः जाऊन फळ्यावरचं 'जहाज' पुसलं आणि 'जॅझ' लिहिलं, मोठ्या अक्षरात. तासाभराने बघतो तर परत 'जहाज'. अक्षर इतकं सुंदर, की विचारायची गरज नव्हती. मास्तर वाचनालयात जाताना थांबले असणार. खडू त्यांच्या खिशात कायम असतो.

अभय म्हणाला, "एका परीने बरं झालं. शंभर येतील."

हे त्याने बोलायला नको होतं. कारण ते माझ्या मनात आधीच येऊन गेलं होतं, आणि मी त्याला हाकललं होतं, आणि ते दाराबाहेर चपला घालून बसलं होतं.

रविवारी सकाळी बस्त्याव लोबो स्टेशनवर उतरला. व्हिडिओतल्यापेक्षा बारीक. गिटारची पेटी सुतळीने बांधलेली, खांद्यावर टॉवेल. मी पाया पडायला वाकलो, तर म्हणाला, "वाकू नको झिला, माका उचलूक येणा नाय. मासे काय हत?"

घरी अम्मीने बांगड्याचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. तिच्या डोक्यात हा कंपनीचा कॅप्टन. मी तिला चारदा सांगितलं होतं, पण चाचांनी तिला पाचदा सांगितलं होतं. मला आत पाणी आणायला बोलावून म्हणाली, "कॅप्टन एवढा सुकलेला?" आणि बाहेर जाऊन त्याच्यासमोर बसली.

"किती वर्षं झाली जाजात?"

"जॅझात? एक्कावन," बस्त्याव म्हणाला.

"अल्ला. आणि घरातली?"

"बायल म्हणाली, एक तर जॅझ, नायतर मी."

"आमच्यात पण सगळ्या म्हणतात. ऐकतो कोण?"

"माझो बापूस पण जॅझातच होतो."

"म्हंजे खानदानी." अम्मीने आणखी एक बांगडा वाढला. "आमच्या उमेरला घ्याल काय?"

त्याने माझी बोटं हातात घेतली, दाबून बघितली. "बोटां मऊ हत. पण कान बरो असतलो."

"कान कशाला?"

"जॅझात कानच लागता. मी तर डोळे मिटूनच."

अम्मीचा हात थांबला. "डोळे मिटून? आणि आपटलं कुठे तर?"

"आपटतंय की. रोज आपटतंय. पण थांबूचा नाय, तसाच पुढे जावचा. लोकांका वाटता मुद्दामच केलंय."

अम्मी उठली, मला मोरीपाशी नेलं आणि दातओठ खाऊन म्हणाली, "याच्यासंगत पाऊल टाकायचं नाय. बापाला मी सांगते."

साडेपाचला मी हॉलमध्ये डोकावलो. दोनशे चौदा माणसं. विमला मॅडमनी दारात स्वतः मोजलेली. सगळी दाढी करून, कडक इस्त्री, प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची फाईल. बाजूला अम्मी आणि मोहल्ल्यातल्या सात-आठ बायका, कॅप्टनला एकदा बघून घ्यायला. मास्तर पण आलेले, आपल्या अर्जाचं काय झालं ते बघायला.

बस्त्यावने पडद्यामागून बघितलं आणि बराच वेळ पडदा सोडलाच नाय. "तू शंबर म्हटलं होतंस."

"होय."

"ही माणसां फायली घेवन कशाक इलीत?"

मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "अभ्यासू आहेत."

"नोट्स काढतली?" त्याचे डोळे भरून आले. "मुंबईत सुद्धा कधी कोण लिहून घेवक इलो नाय."

मला त्या क्षणी नॉर्वेला जावंसं वाटलं. कुठल्याही जहाजातून.

तो जाऊन बसला, मान खाली घातली आणि सुरू केलं. हळू, जुन्या गाण्याच्या दारापर्यंत जाऊन परत फिरल्यासारखं. लोक शिस्तीत ऐकत होते, साहेब येईपर्यंत गाणं लावतात तसं समजून. पहिलं संपलं, दुसरं सुरू झालं. खुर्च्या कुरकुरायला लागल्या. तिसऱ्याच्या मधेच नाट्याचा एक तरणा पोरगा उभा राहिला. "साहेब, मुलाखत कधी? आम्हाला शेवटची एसटी आहे."

बस्त्यावचे हात थांबले. तो माझ्याकडे बघत होता, आणि दोनशे चौदा माणसं माझ्याकडे बघत होती.

मी स्टेजवर गेलो. माईक घेतला. काय बोललो ते मला पूर्ण आठवत नाय, अभयने सांगितलं तसं सांगतो. म्हणे मी म्हणालो, "नोकरी नाय. कंपनी नाय. जहाज नाय. जॅझ आहे. हे बस्त्याव लोबो. यांना वाटलं तुम्ही यांना ऐकायला आलात. तुम्हाला वाटलं मी जाज आणला. दोघांना फसवणारा मी एकटा." मग म्हणे मी बंदराचा कागद पण वाचून दाखवला, पुरावा म्हणून.

मग एकदम सगळे बोलले. नाट्याचा पोरगा म्हणाला, दोन तास एसटीत उभा राहून आलो, चेष्टा करतोस? त्याचं बरोबरच होतं. खुर्च्या सरकल्या, फायली बंद झाल्या, मागच्या रांगा उठल्या. अर्धा हॉल बघता बघता रिकामा.

बस्त्याव रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त टॉवेलने मान पुसली आणि परत वाजवायला लागला. लोकांसाठी नाय, स्वतःसाठी. पण आता तो पळायला लागला. पडवी, विहीर, माड, गडगा. खालून तारा टोकतायत, वरून सूर उत्तर देतायत, दोघं एकमेकांचं ऐकतच नायत असं वाटतंय आणि दोघं एकदम वळणावर भेटतायत.

मुसाचाचा दारापर्यंत पोचले होते. तिथे थांबले. वळले. "पियानो कुठे लपवलाय?"

मी म्हटलं, "चाचा, पियानो नाय."

"मला शिकवू नको. रॉटरडॅमला खलाशांच्या क्लबात बसून मी हे ऐकलंय. चौतीस वर्षं. दोन हातांचं काम हाय हे. पडद्याच्या मागे दुसरा माणूस बसवलास तू. एकदा फसवलंस, आता पुरे."

आणि ते तरातरा स्टेजवर चढले. बस्त्याव वाजवतोय, आणि चाचा त्याच्या मागचा पडदा उचलून बघतायत. मागे मोडक्या खुर्च्यांची चवड आणि गणपतीतलं मखर. चाचांनी मखरात पण बघितलं. मग येऊन बस्त्यावच्या बोटांसमोर वाकून उभे राहिले, इंजिन तपासतात तसे. जाणारे लोक दारात थबकले. कोणीतरी म्हणालं, स्पीकरमध्ये आहे. कोणी म्हणालं, मोबाईल लावलाय. नाट्याच्या पोराने स्पीकरची वायरच काढली. आवाज बारीक झाला, पण पियानो तिथेच.

"सांगा आता," चाचा बस्त्यावला म्हणाले, "कुठे हाय?"

बस्त्यावने डोळे उघडले. "आमच्या चाळीचो जिनो अरुंद. पियानो वर चढाक नाय. म्हणान बापसान माका ह्यां दिलान आणि म्हणालो, आता ह्यातच बसव." आणि परत डोळे मिटले.

चाचा पहिल्या रांगेत बसले. त्यांच्या मागोमाग साठ-सत्तर जण. फायली खुर्चीखाली गेल्या. मी श्वास घेतला, तेवढ्यात सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली.

बस्त्यावने तारांवर हात ठेवून आवाज बंद केला. अजान संपली आणि सगळा हॉल उठला. एकेक करून, चपला शोधत, बाहेर. अम्मी आणि बायका आतल्या खोलीत गेल्या. मी पण जायला हवं होतं, पण बस्त्यावला एकटं सोडवेना. हॉलमध्ये राहिलो मी, अभय, विमला मॅडम आणि मास्तर. चार. बस्त्यावने रिकाम्या खुर्च्यांकडे एकदा बघितलं, गिटार पेटीत ठेवली आणि सुतळी बांधायला घेतली.

"नमाजला गेलेत," मी म्हटलं.

"जावंदेत. देवाचां काम."

"येतील परत."

हे मी म्हटलं, पण माझा मलाच भरवसा नव्हता. जवळच्या मशिदीतून निघाल्यावर उजवीकडे वळलं की घर, डावीकडे हॉल. बस्त्याव गाठीवर गाठ मारत होता. मास्तर उठून त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "शब्द कोणता म्हणालात आपण? सावकाश सांगा." बस्त्यावने सांगितला. मास्तरांनी खिशातून वही काढली आणि लिहून घेतला. नोट्स काढणारे ते एकच निघाले.

मग दारात चपलांचा आवाज आला.

चाचा पुढे. मागे चाळीस माणसं. आणि त्यांच्या मागे आणखी बारा म्हातारे, मशिदीतून उचलून आणलेले, जुने खलाशी, टोप्या अजून डोक्यावर. चाचा त्यांना सांगत होते, "हा कोबेला असायचा, हा हॅम्बुर्गला. तिथे पियानो ऐकलेली माणसं हायत. ही सांगतील खरं काय ते." त्रेपन्न. शंभर नव्हते. पण मी जन्मात एवढे मोठे त्रेपन्न बघितले नायत.

सुतळीच्या गाठी सुटेनात, शेवटी नाट्याच्या पोराने दातांनी सोडवल्या. शेवटची एसटी गेली होती त्याची, ते त्याने मला दोनदा ऐकवलं.

पुढचा दीड तास मी काय सांगू. बारा म्हातारे पंच बसल्यासारखे बसले होते आणि प्रत्येक गाणं संपलं की एकमेकांत बोलून निकाल द्यायचे. "आहे," म्हणायचे. "पियानो आहे." बस्त्याव हसायचा आणि आणखी पळायचा. एकदा तो चुकला पण. मला कळलं, त्याला कळलं. तो थांबला नाय, तीच चूक परत वाजवली, मग तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा ती चूक राहिलीच नाय. अम्मी माझ्या बाजूला होती. हळूच म्हणाली, "आपटला ना आता?"

"होय."

"सावरलान चांगला." थोड्या वेळाने म्हणाली, "कॅप्टन नाय तर नाय. माणूस बरा हाय. पण तुझ्या बापाला तूच फोन कर."

फोन केला. सगळं सांगितलं. मग अब्बा म्हणाले, आवाजातली सर्दी गेली होती, "ते म्हातारं जेवलं काय नीट?" त्यावरून मी समजलो, मला घरात घेणार.

सकाळी बस्त्यावला गाडीत बसवायला आम्ही स्टेशनवर. मी, अभय, चाचा, आणि तो नाट्याचा पोरगा, जो रात्री चाचांकडेच झोपला होता. गाडीला वेळ होता. बस्त्यावने मला विचारलं, "खरां सांग. शेवटाक किती होते?"

"त्रेपन्न. आणि बायका, आणि आम्ही."

"नोकरीक इलेली माणसां. नोकरी नाय कळल्यावर बसली." तो मान हलवत राहिला. "माझो बापूस वाजवी त्या हॉटेलात सुद्धा माणसां जेवकच येयत. तो म्हणा, जेवताना चमचो थांबलो तर समजायचा, ऐकतत."

तेव्हा नाट्याचा पोरगा म्हणाला, "आमच्याकडे याल काय? शुक्रवारी. शुक्रवारी होड्या जात नायत, माणसं घरी असतात. फाईल घेऊन कोण येणार नाय, एवढं माझ्याकडे लागलं."

बस्त्यावने शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढली. मी त्याच्या बाजूलाच होतो म्हणून मला पान दिसलं. गावांची नावं, एकाखाली एक, वर्षानुवर्षांची. सगळ्यात शेवटी 'रत्नागिरी', आणि त्याच्याखाली पट्टी लावून मारलेली जाड रेघ. शाईची, हिशेब बंद करताना मारतात तशी. खालचं अर्धं पान कोरं.

गाडी आली. त्याने पेन दाताने उघडलं, रेघेच्या खाली लिहिलं 'नाटे, शुक्रवार', आणि मला विचारलं, "'ट'वर मात्रा एकच मा?"

मी म्हटलं, एकच.

तो डब्यात चढला. आणि मी तिथेच उभा, कारण माझ्या डोळ्यांसमोर ते पान होतं. रेघ तीच. पण खाली नाटे आलं ना, तर आता ती रत्नागिरीच्या खाली मारलेली वाटत होती. महत्त्वाच्या शब्दाखाली मारतात तशी.